न वाजलेली घंटी

मित्रांनो, तुम्ही पूल वरून पाहता, मी ते खालून पाहिले आहेत. पुलाच्या पोटाला कायम थोडी ओल असते. तिथे कबुतरं संसार थाटतात. खालून पाणी वाहत असेल तर उन्हाचे कवडसे दगडांवर हलत राहतात, कुणी झोपेत हसावं तसे. मी एक जुनी मापकाठी आहे. माझं अर्धं आयुष्य पुलांखाली उभं राहण्यात गेलं, म्हणून बोलता बोलता माझी मध्येच तंद्री लागते. तेवढं सांभाळून घ्या.

मूळची मी डोंगरउतारावरच्या एका सरळसोट झाडाची. एका अबोल सुताराने मला घडवलं. त्याने एक पोकळ नळी केली, तिच्यात सरकणारी दुसरी काठी बसवली आणि हवी तिथे थांबवायला पितळी स्क्रू लावला. तापल्या सळईने माझ्या अंगावर फूट आणि इंच उमटवले. ते दुखलं, पण शाळेत नाव घातल्यासारखंही वाटलं. शेवटी त्याने माझ्या डोक्यावर वेताची बारीक कांडी बसवली आणि तिच्या टोकाला एवढीशी पितळी घंटी बांधली.

मला मावशींच्या हाती देताना तो म्हणाला, "बाई, ही वाजली की थांबायचं. नाही वाजली तर देवाचं नाव घेऊन पुढे जायचं."

मावशी म्हणजे घरगाड्यांच्या तळावर वाटा आखणाऱ्या बाई. घरगाडी तुम्ही पाहिली असेल. बसएवढी मोठी, आत पलंग, शेगडी, मोरी, मागे पाण्याची टाकी. लोक ती भाड्याने घेऊन दूरदूर फिरायला जातात. पण एवढं मोठं घर वाटेल त्या रस्त्याने कसं जाणार? कुठे पूल बुटका, कुठे वळणावर गाडीचं शेपूट भिंतीला घासणार, कुठे झाडाची फांदी छपरावर टेकणार. ते सगळं मावशी आधी स्वतः जाऊन बघायच्या. त्यांच्या खोलीत भिंतभर नकाशा होता. सुरक्षित वाटेवर हिरवा दोरा, धोक्याच्या जागी लाल टाचणी. टेबलावर जाड वही.

मावशींचे दोन नेम होते आणि ते त्यांनी कधी मोडले नाहीत, असं मी सांगणार होते. पण एकदा मोडला. तीच तर माझी गोष्ट आहे.

पहिला नेम, स्वतः पुलाखाली उभं राहून मोजल्याशिवाय वहीत आकडा लिहायचा नाही. दुसरा नेम, गाडी मोजायची ती रिकामी. सकाळी टाकीत पाणी भरण्याआधी, माणसं चढण्याआधी मला गाडीशेजारी उभं करायचं, छपरापर्यंत सरकवायचं, वर एक बोट जास्त ठेवायचं आणि स्क्रू आवळायचा. मग त्या उंचीने मी पुलाखालून चालले आणि घंटी गप्प राहिली, तर गाडी बिनघोर जाणार.

किती वर्षं असे आम्ही चाललो! मावशी माझ्या अंगाला तेल लावायच्या. गाडी चालवणारे हळूभाऊ मला बघून म्हणायचे, "आली आमची सासूबाई! हिने मान हलवली की संपलं." त्यांना हळूभाऊ म्हणायचे कारण त्यांच्या गाडीला सायकलीसुद्धा मागे टाकायच्या. ऐकताना मी आतून ताठ व्हायचे. तशी मी ताठच होते म्हणा.

मग तळावर फोन आले, रस्ते बोलून दाखवणारे. मालकांचे जावई म्हणाले, "मावशी, यात सगळे रस्ते आहेत. तुम्ही कशाला उन्हात पूल मोजत हिंडता?"

"त्याला रस्ता ठाऊक आहे हो," मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "पण आपल्या गाडीची उंची त्याला कोण सांगणार?"

जावई हसले. मी कोपऱ्यात गेले. दाराआड, झाडूशेजारी. एके दिवशी कुणीतरी माझ्या डोक्याला फडकं बांधलं आणि छताची जाळी काढायला लावलं. घंटी फडक्यात गुदमरली. मित्रांनो, कामाचा कंटाळा मला कधी आला नाही. पण ज्यासाठी आपण घडलो ते सोडून भलतंच काम गळ्यात पडलं, की झोप फार येते. त्या दोन वर्षांत मी झोपूनच असायचे. स्वप्नात पुलाखालचं पाणी वाहायचं.

एके सकाळी मावशींनी फडकं सोडलं. "चल गं," त्या म्हणाल्या.

एका आजोबांना त्यांच्या थोरल्या बहिणीकडे न्यायचं होतं. पाठीच्या दुखण्यामुळे आजोबांना बसता येत नव्हतं. बहिणीला घराबाहेर पडता येत नव्हतं. अठरा वर्षांत भेट नाही. झोपून जाता येईल अशी घरगाडी त्यांच्या सुनेने ठरवली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, सरळ रस्त्यानेच न्या, घाटाची वळणं त्यांना सोसणार नाहीत. मावशींनी नदीकाठची सपाट वाट आखली. आठवडाभर आधी एकट्या जाऊन वाटेतला जुना दगडी पूलही मोजून आल्या, फीत आणि शिडी घेऊन. त्या दिवशी स्वतःही गाडीत बसणार होत्या.

पण आजोबांना इतकी घाई, की ते लोक ठरल्या वेळेआधीच तासभर येऊन थांबले. हळूभाऊंनी टाकी भरून ठेवली होती. आजोबा आत झोपलेले, सून चढलेली, सामान लागलेलं. आजोबा खिडकीतून म्हणत होते, "झालं का? निघायचं का?" त्या गडबडीत मावशींनी मला भरल्या गाडीशेजारी उभं केलं, माप घेतलं आणि स्क्रू आवळला.

मला कळलं होतं. पण घंटी सोडून मला तोंड आहे कुठे?

वाट मात्र सुरेख होती. नदी आमच्यासोबत चालत होती. आजोबा पडल्या पडल्या झाडांचे शेंडे मोजत होते आणि पुन्हा पुन्हा सांगत होते, "आक्का मला ओळखणार नाही, बघा. तेव्हा मला केस होते."

दुपारी दगडी पूल आला. अजून वीस मैल जायचं होतं. फोन म्हणाला, सरळ चला. मावशी म्हणाल्या, "थांबा." मला घेऊन खाली उतरल्या. पुलाखाली जाण्याआधी, केवळ सवयीने, त्यांनी मला परत गाडीशेजारी उभं केलं.

गाडीचं छप्पर माझ्या टोकाच्या वर गेलं होतं. चांगलं तीन बोटं.

मावशींचा चेहरा उतरला. "हळूभाऊ, टाकीत पाणी किती आहे?"

हळूभाऊ मागे गेले आणि कपाळाला हात लावून आले. मोरीचा नळ वाटभर गळत होता. टाकी कोरडी.

"पण पाणी संपलं म्हणून गाडी उंच कशी झाली?" सुनेने विचारलं.

"पोटभर जेवलेला माणूस कसा बसतो? टाकी भरलेली होती तेव्हा गाडी तशी बसली होती. आता उपाशी आहे, म्हणून उठली." मावशींनी माझा स्क्रू सैल केला. "मी रिकामी मोजायला हवी होती. माझा नेम चुकला."

त्यांनी मला तीन बोटं वर सरकवलं आणि पुलाखाली नेलं. टिंग! त्या आवाजाची मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. दुसरी वाट होती ती घाटाची, पाच तासांची. सून पदर तोंडाला लावून उभी राहिली. आतून आजोबा विचारत होते, "आलं का आक्काचं घर?" आसपास पाण्याचा नळ नव्हता, होती ती नदी, पण काठ खोल होता आणि बादली एकच.

पुलाशेजारी शिवणकामाचा कारखाना होता. जेवणाची सुट्टी झाली होती आणि बायका सावलीत डबे उघडून बसल्या होत्या. त्यातली एक भरदार बाई उठून आली. "काय झालं हो? गाडी रुसली का?"

मावशींनी सगळं सांगितलं. मग क्षणभर त्या बाईकडे बघतच राहिल्या. "ताई, रागावू नका. तुमच्या मैत्रिणी थोडा वेळ आमच्या गाडीत बसतील का? वजन हवंय."

बाई कमरेवर हात ठेवून हसली. "अगं बायांनो, या! जन्मात पहिल्यांदा माझं वजन कुणाच्या कामी येतंय!"

"तू एकटी बसलीस तरी पुरे की गं," मागून कुणीतरी म्हणालं.

"तू ये गप. तुझ्या डब्याचं वजन धरून ये."

वीसजणी चढल्या, डब्यांसकट. सगळ्या मागच्या बाजूला दाटीवाटीने बसल्या. आजोबांच्या पलंगाभोवती तर मेळावाच भरला. "बहिणीला काय नेताय, आजोबा?" "स्वतःलाच नेतोय," ते म्हणाले, "तेवढंच उरलंय." गाडी हळूहळू खाली बसली.

मावशींनी मला पुन्हा गाडीला लावलं. छपरापर्यंत सरकवलं, वर एक बोट, स्क्रू. मग डोळे मिटून क्षणभर थांबल्या आणि चालू लागल्या. मी पुलाच्या पोटाखाली शिरले. तीच ओल, तीच कबुतरं, तेच हलते कवडसे. दगड माझ्या घंटीवरून श्वासाएवढा दूर सरकत गेला. मागून हळूभाऊ माणसाच्या पावलाने गाडी आणत होते.

घंटी वाजली नाही.

पलीकडच्या उन्हात आलो तेव्हा गाडीतून इतक्या टाळ्या झाल्या की कबुतरं उडाली.

संध्याकाळी आक्कांच्या दारात आजोबांना आरामखुर्चीवर आडवं टेकवून आणलं. आक्कांना दिसत फारसं नव्हतं. त्यांनी भावाच्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "किती उशीर केलास रे!"

"वाटेत एक पूल बुटका होता गं," आजोबा म्हणाले. आणि त्यांनी आक्कांचा हात घट्ट धरला.

परतताना मावशींनी आधी नळ नीट करून घेतला, टाकी काठोकाठ भरली, आणि पुलाशी थांबून मला पुन्हा गाडीला लावलं. तळावर आल्यावर त्यांनी वहीत स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात लिहिली. जावयांनी ती वाचली. दुसऱ्या दिवशी दाराशेजारी दोन खुंट्या ठोकल्या गेल्या. आता मी तिथे असते. रोज सकाळी पाणी भरण्याआधी कुणीतरी मला उचलतं. परवा तर जावईच आले होते.

मित्रांनो, तुमच्या घरातही दाराआड माझ्यासारखं कुणी उभं असेल. त्याच्या डोक्यावरचं फडकं तेवढं सोडा. आणि कुठे सुखरूप पोहोचलात, तर वाटेत जी घंटी वाजलीच नाही, तिची एकदा आठवण काढा. ती गप्प राहावी म्हणून कुणीतरी उन्हात उभं राहून मोजलेलं असतं.