पोटावरची फुली

टेलर मास्टरीणबाईंनी आजवर कपडे शिवताना दुसऱ्यांची पोटं लपवली होती. कुठे चुणी घाल, कुठे अस्तर लाव, कुठे शिवण जरा सैल सोड. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की खूश. स्वतःचं पोट मात्र जुळ्यांच्या बाळंतपणानंतर कशालाच दाद देईना. शेवटी मनाचा हिय्या करून त्यांनी ऑपरेशन ठरवलं. पोटावरची चरबी नळीने ओढून काढायची आणि त्यातली थोडी कमरेखालच्या खळग्यांत भरायची.

सकाळी डॉक्टरांनी त्यांना उभं करून अंगावर मार्करने खुणा केल्या. आडवं झालं की चरबी सरकते, म्हणून हे काम उभ्यानेच करतात. गोल म्हणजे काढायचं, तिरप्या रेघा म्हणजे भरायचं. बेंबीच्या वर एक फुलीही मारली आणि तिचं कारण नीट समजावून सांगितलं. पण परक्या पुरुषासमोर उघड्या पोटाने उभ्या असलेल्या मास्टरीणबाई छताकडे बघत नुसत्या "हं, हं" करत होत्या. शेजारी थोरली जाऊ होती, तिने मात्र सगळं ऐकलं.

डॉक्टर गेले, जाऊ चहाला गेली, आणि घामाघूम झालेल्या बाईंनी ओल्या टॉवेलने अंग पुसलं. झालं, निम्म्या खुणा पसरल्या. अशा वेळी शहाणी बाई सिस्टरला हाक मारते. आमच्या बाईंना टेबलावर विसरलेला मार्कर दिसला.

रेघा मारण्यात हात मुरलेला. आरशात बघत त्यांनी पुसट खुणा गिरवल्या. फुलीपाशी थबकल्या. त्यांच्या दुकानात कापडावर रेघ चुकली की तिच्यावर फुली मारत, म्हणजे ती धरायची नाही. डॉक्टरांचाही हात चुकला असेल, असं म्हणत त्यांनी फुली घासून काढली आणि गोल थेट तिच्यावरून फिरवला. वर स्वतःवरच खूश झाल्या. काय बोलायचं अशा माणसाला.

स्ट्रेचर निघालं तशी जाऊ सोबत चालू लागली.

"घाबरू नकोस गं. फुलीपाशी नळी नेणारच नाहीत. तिथे पोटाच्या भिंतीला फट आहे, आतडं कातडीखाली येतं म्हणाले. तिथे नळी घुसली तर जिवावर बेतेल."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, ती फुली..." पण तेवढ्यात थिएटरचं दार मिटलं.

आत गारठा होता. सिस्टरने चादर बाजूला केली. डॉक्टर पाठमोरे उभे राहून हातमोजे चढवत होते. सांगावं का? सांगितलं तर हसतील, हाकलून देतील. एवढं घरच्यांशी भांडून आले ते फुकट जाईल. आणि डॉक्टरांना आठवत असेलच की. नसेल तर? दिवसाला किती पोटं बघत असतील ते. जुळी आत्ता शाळेत डबा उघडत असतील.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सुई सलाईनच्या नळीला लावली. "आता शांत झोप लागेल हं."

डॉक्टर वळले, पोटावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "छान. सुरू करू या."

"थांबा," मास्टरीणबाई म्हणाल्या. "या खुणा तुमच्या नाहीत. पुसल्या गेल्या म्हणून मी काढल्या. फुली मी खोडली."

कोणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सुई काढून ट्रेमध्ये ठेवली. डॉक्टरांचा चेहरा उतरला होता.

"उठा," ते म्हणाले. "हळूच. उभ्या राहा."

भर उजेडात, सगळ्यांसमोर, बाई उघड्या पोटाने उभ्या राहिल्या. या वेळी छताकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी त्यांची बोटं धरून बेंबीच्या वर टेकवली.

"खोका."

त्या खोकल्या. बोटांखाली काहीतरी मऊ टरारून वर आलं आणि आत गेलं.

"हे आतडं?"

"हो. आणि ही तुमची रेघ."

रेघ बोटांखालूनच गेली होती, एकसारखी, सफाईदार. बाईंना रडू कोसळलं.

डॉक्टरांनी मार्कर बाईंच्याच हातात दिला. "बाकीचं सगळं मी पुन्हा काढतो. फुली तुम्ही मारा."

महागातल्या महाग रेशमावरही त्यांची रेघ कधी चुकली नव्हती. ही फुली मात्र वाकडीतिकडी आली. बाईंनी ती तशीच ठेवली.