बाबांच्या लेथचं कर्नेल

काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली आणि यंत्र थिजलं. गणिताची सोय सापडत नाही, पुढे जाता येत नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

बाबांची लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायचं यंत्र, चालवणारा संगणक माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. त्याची डिस्क गेली, आणि असल्या जुन्या प्रोसेसरवर चालेल असं तयार काही आता मिळत नाही. म्हणून मी आठवडाभर रजा टाकून त्याच्यासाठी कर्नेल, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारा गाभा, मुळापासून बांधत बसले होते. बांधण्याआधी शेकडो प्रश्नांची यादी येते, प्रत्येकाला हो किंवा नाही. बहुतेकांना मी बिनदिक्कत 'नाही' म्हटलं. एक 'हो' मात्र जिवापाड जपायचं होतं. या प्रोसेसरला दशांशाचं गणित स्वतःहून येत नाही, ते कर्नेलनेच करून द्यावं लागतं.

यादी उघडली. नेमकं तिथेच 'नाही'.

दादा दारात भंगारवाल्याशी फोनवर बोलत होता. पाच वाजता टेम्पो येणार होता. त्याआधी लेथ फिरली तर बाबांचं काम चालू राहणार, नाही तर लेथ भंगारात आणि बाबा दादाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी, असं ठरलं होतं.

"याला तू हात लावलास ना?"

"कशाला?"

"साळसूदपणाचा आव आणू नकोस. ही ओळ आपोआप बदलत नाही."

"अगं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"भंगारातलं बरं कळतं!"

मग मी तोंडाला येईल ते बोलले. त्याला अप्पलपोटा म्हणाले. काडीचा संबंध नसताना वहिनीलाही मध्ये ओढलं. दादाने घड्याळ बघितलं, त्यामुळे तर मी आणखीच भडकले.

"त्याला कशाला झापतेस?" लेथपाशी स्टुलावर बसलेले बाबा म्हणाले. "मी केलं ते."

"तुम्ही?"

"काल तूच दाखवलंस ना, ही ओळ गेली की सगळं बंद. तू जेवायला उठलीस, तेव्हा दाबलं."

"पण का?"

त्यांनी उजवा हात पुढे केला. "गेल्या महिन्यात बाही अडकली लेथच्या फिरत्या चकमध्ये. थोडक्यात वाचलो. आता भीती वाटते गं मला तिची."

"मग बोलायचं ना!" आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांवर ओरडत होते. "मी इथे आठवडाभर मरमर करतेय आणि तुम्ही..."

"तीनदा म्हणालो, राहू दे. तू म्हणालीस, तुम्ही गप्प बसा बाबा, मी करते."

मी म्हणाले होते. तीनही वेळा.

कानशिलं तापलेली होती आणि राग काढायला आता कुणी उरलं नव्हतं. साडेतीन वाजले होते. ती ओळ 'हो' केली असती, तर चारच्या आत लेथ फिरली असती. मी यादी तशीच बंद केली.

"दादा," त्याच्याकडे न बघता मी म्हणाले, "टेम्पोवाल्याला सांग, लवकर आला तरी चालेल."