ऑस्बर्नबाबांचा ओटा

हॅसलबीच्या मठाची नवी देवडी पुरी होत आली, तसा पाथरवट हॅमोचा जीव टांगणीला लागला. दगडांची त्याला काळजी नव्हती, काळजी होती ऑस्बर्नबाबांची.

चाळीस वर्षं हा म्हातारा मठाचं दार सांभाळत होता. कोणी ठोठावलं की "देवाचे आभार!" अशी आरोळी ठोकायची नि मग कडी काढायची, दारी आलेला माणूस म्हणजे ख्रिस्तच, ही तिथली रीत. पण बाबांचे कान गेले. ईस्टरच्या सुमारास एक विधवा थंडीत तासभर दार बडवत उभी राहिली. मठाधिपती फादर थर्स्टन यांनी सांगून टाकलं, "नव्या दाराशीही हेच झालं, तर बाबांची रवानगी दुखणाईतांच्या खोलीत."

देवडीला गाड्याघोड्यांसाठी उंच कमान होती, पायी येणाऱ्यांसाठी शेजारी बुटकं दार. स्वर्गाच्या दाराच्या किल्ल्या घेतलेल्या संत पीटरचा पुतळा कमानीवर बसवला होता.

"त्याला मोठ्या दारावर कशाला चढवलास रे?" बाबा खेकसले. "स्वर्गात काय घोड्यावरून जायचंय? तिथे सगळे पायीच, नि तेही वाकून!"

"बाबा, हे फादरना सांगा ना!" हॅमो त्यांच्या कानाशी ओरडला.

"सांगून काय उपयोग? तो काय म्हणतो ते मला ऐकू कुठे येतं!"

असल्या माणसाला खाटेवर टाकायचं? हॅमोचा फार जीव होता त्यांच्यावर. बुटक्या दाराच्या बिजागरीचा खुंट शिसं ओतून ज्या दगडात बसवायचा, तोच दगड त्यानं आत लांबवला आणि त्याचा ओटा केला. दारावर थाप पडली की बसणाऱ्याला ती खालून जाणवायची.

दार बसलं त्या सकाळी फादर स्वतः बाहेर गेले आणि बोटाच्या पेरानं हळूच टकटक केली.

"देवाचे आभार!" बाबा गरजले.

फादर आत आले. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, बाबांना उठवलं, स्वतः तिथे बसले आणि हॅमोला बाहेरून ठोठावायला लावलं. हॅमो परत आला तो घाम पुसतच.

"हा ओटा ठरलेला नव्हता."

"नव्हता, फादर. दगडच जरा लांब निघाला."

"थापा मारू नकोस." फादर ओट्यावरून उठले. "दारवानानं हाकेला उत्तर द्यावं, एवढंच आपल्या नियमात आहे. ती कानानंच ऐकावी, असं कुठेही म्हटलेलं नाही."

त्यांनी बाबांचा हात धरून त्यांना परत ओट्यावर बसवलं आणि निघून गेले. हॅमोचे डोळे भरून आले.

"काय झालं रे थर्स्टनला?" बाबांनी विचारलं. "दोन पावलं चालला नि लागलीच बसला. म्हातारा झाला बिचारा!"