दोघांचा आकडा

किल्ली हातात आली त्या दिवशी पोर्टलीशच्या त्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये होतं ते असं: खुर्च्या दोन, काटे पाच, चमचे तीन, सुरी एक, किटली एक, ओव्हनचे ट्रे चार. पडद्याच्या कड्या अकरा. हव्या होत्या चौदा. डबल बेड एक, उशी एक.

मालकीणबाई ब्रीडा, वयाची साठी उलटलेली. ओट्यावरचं कपाट उघडून म्हणाली, "भांडी या प्रेसमध्ये." इथले आयरिश लोक कपाटाला प्रेस म्हणतात. मग तिने विचारलं, "राहणार किती जण?"

"दोन," मी म्हणाले.

ते तेव्हा खरं नव्हतं. माझा नवरा निमिष वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे आणि मी पोर्टलीशमधल्या एका पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. त्याच्यासारख्या ट्रेनिंगमधल्या डॉक्टरांच्या बदल्या जानेवारी आणि जुलैच्या दुसऱ्या सोमवारी होतात. जुलैसाठी त्याने पोर्टलीश पहिल्या पसंतीला टाकलं होतं, म्हणून मी फ्लॅट एप्रिलमध्येच घेऊन ठेवला. लग्नाला एकोणीस महिने झाले होते. आम्ही एका घरात सलग काढलेले सर्वांत जास्त दिवस तेरा.

बेडरूमच्या भिंतीवर बुरशीचे नऊ ठिपके होते. हवा खेळते की नाही ते बघायला मी लॅबमधून बाद झालेला कार्बन डायऑक्साइडचा मीटर घरी आणला. बंद खोलीत माणसाच्या श्वासाने हा वायू साचत जातो, मीटर तो मोजतो. दार, खिडकी, भिंतीतलं व्हेंट, सगळं बंद करून झोपायचं आणि सकाळी सातला आकडा वहीत लिहायचा. सोळा दिवसांची सरासरी आली ११२०. शेजारी मी आणखी एक रकाना आखला होता. त्याच्यावर लिहिलं होतं, 'दोघे'.

"म्हणजे मी तुझं सॅम्पल का?" निमिषने फोनवर विचारलं.

"सॅम्पल खोलीतली हवा. तू नुसता व्हेरिएबल."

"निदान कंट्रोल तरी म्हण."

"कंट्रोल मी आहे."

"ते आईने लग्नातच ओळखलं होतं."

मेमध्ये तो एका शनिवारी आला. सलग ड्यूट्या करून आलेला, बूट काढायच्या आधीच झोपला. रविवारी सकाळी सातला आकडा होता १८६०. मी तो दुसऱ्या रकान्यात लिहिला आणि उगाचच दोनदा गिरवला.

"खिडकी उघड गं, डोकं जड झालंय माझं," तो पांघरुणातून म्हणाला.

"घोरत होतास. त्याने वाढला असेल."

"घोरण्याने वाढतो?"

"माहीत नाही. एकाच रात्रीवरून नाही सांगता येत. अजून बऱ्याच लागतील."

"लागू देत की," तो म्हणाला.

त्या आठवड्यात मी दुसरी उशी आणली.

जूनमध्ये बदलीची मेल आली. लेटरकेनी. पोर्टलीशपासून गाडीने साडेतीन तास, देशाच्या पार वरच्या टोकाला.

"दुसरं एक आहे," निमिष फोनवर म्हणाला. "पोर्टलीशला ट्रेनिंगबाहेरची एक जागा रिकामी आहे. मला घेतील ते. ट्रेनिंग सोडायचं आणि जुलैपासून तुझ्याकडे."

"किती राहिलंय ट्रेनिंग?"

"दोन वर्षं."

"आत्ता सोडलंस तर परत मिळेल?"

"बहुतेक नाही."

मी बेडवर बसले होते. नवी उशी अजून प्लास्टिकमध्ये होती. हात लागला की चुरचुर वाजायची.

"मग जा," मी म्हणाले.

"ईशानी, एकदा तरी ये म्हण ना."

"म्हटलं तर येशील. म्हणून म्हणत नाहीये."

ब्रीडा भिंत बघायला आली तेव्हा मी तिला खरं काय ते सांगितलं. तिने बेडवरच्या दोन उश्यांकडे पाहिलं.

"मग भाड्याच्या कागदावर एकच करू का?"

"नको. दोनच राहू द्या."

"ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे ठीक आहे. "पण ते व्हेंट उघडं ठेव, बाई. तुम्ही विज्ञानवाले भिंत सडवाल माझी."

"सोमवारपासून उघडते."

बदलीच्या आदल्या दिवशी, रविवारी, निमिष वॉटरफोर्डची खोली रिकामी करून आला. सामान गाडीतच ठेवलं. एक प्रेशर कुकर तेवढा वर आणला. "तिथे मेसमध्येच खाणार आहे. हा तुझ्याकडेच राहू दे," म्हणाला. नव्या उशीचं प्लास्टिक त्यानेच काढलं.

सोमवारी सकाळी आठला लेटरकेनीत हजर व्हायचं, म्हणून तो पहाटे चारला उठला. मी उठायला लागले तर त्याने खांद्यावर हात ठेवून मला परत झोपवलं. पडद्याच्या ज्या बाजूला कड्या कमी होत्या तिथून उजेडाची एक रेघ येत होती. त्याने बॅग उचलली, दार जेमतेम आपल्यापुरतं उघडलं, तिरका होऊन बाहेर पडला आणि लगेच ओढून घेतलं.

"तुझं रीडिंग बिघडायला नको," तो दाराबाहेरून म्हणाला.

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी हलले नाही. दार, खिडकी, व्हेंट, सगळं तसंच बंद ठेवलं. सात वाजता वही उघडली, एका रकान्यात ११२०, दुसऱ्यात १८६०, आणि मीटर जवळ घेऊन पाहिला.

१५१०.