तिन्ही निगेटिव्ह

मी काचपट्टी बोलतेय. लांबीला जेमतेम बोटभर. माझ्याबरोबर खोक्यातून निघालेल्या कितीतरी जणी कुठे कुठे गेल्या. माझ्या वाट्याला मात्र एका आईच्या छातीतली गाठ आली.

सोनोग्राफीत ती गाठ अगदी शहाण्यासारखी दिसली होती म्हणे. गोल, गुळगुळीत, रेखीव कडांची. "साधीच वाटतेय, पण सुई घालून तुकडा काढू," डॉक्टर म्हणाले. दिसतं तसं नसतं! त्या तुकड्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप माझ्यावर बसवला, गुलाबी-जांभळा रंगवला. मायक्रोस्कोपला डोळा लावलेल्या पॅथॉलॉजिस्टबाईंनी मला पुन्हा पुन्हा सरकवून बघितलं. कॅन्सरच्या पेशी होत्याच, पण त्यांच्यात चक्क कूर्चा होती, नाकाच्या शेंड्यात असते तसली. असला कॅन्सर क्वचितच सापडतो.

मग त्याच गाठीचे काप बसवलेल्या माझ्या तिघी बहिणींवर आणखी तीन तपासण्या झाल्या. औषधाला धरायला गाठीत एखादी कडी आहे का, एवढंच त्यात बघतात. तिघींवरही रंग चढला नाही, म्हणजे कडी नाही.

आम्हाला मोठ्या दवाखान्यात दाखवायला न्यायचं होतं, म्हणून त्या आईची लेक आली. खिडकीवरचा माणूस सहज बोलून गेला, "तिन्ही निगेटिव्ह आल्यात." झालं! तिने तिथूनच आईला फोन लावला. "आई, निगेटिव्ह! तिन्हीच्या तिन्ही!" नंतर बाईंनी तिला आत बसवून सगळं समजावलं. ती माझी डबी घट्ट धरून ऐकत राहिली.

घरी आई दारातच हसत उभी.

"शेजारणीला सांगूनसुद्धा आले. आता कसला मोठा दवाखाना? काही जायचं नाही."

लेकीने डबी उघडली. तिने मला बाहेर काढून उजेडात धरलं. "आई, ही तुझी गाठ."

"अगंबाई, रंग किती छान!"

"आई, गाठ कॅन्सरचीच आहे गं. निगेटिव्ह म्हणजे... ठरावीक औषधं लागू पडणार नाहीत. आपल्याला जायलाच हवं."

आई मला हातात घेऊन बसून राहिली. तिचा अंगठा माझ्या काचेवर टेकला होता. शेवटी म्हणाली, "आता शेजारणीला काय सांगू?"

ती गेली दवाखान्यात. सगळे उपचार सोसले. तरी वाचली नाही.

आता मी त्या मोठ्या दवाखान्याच्या कपाटात असते. शिकाऊ डॉक्टर आले की मला काढतात, "दुर्मिळ आहे हं," म्हणत कौतुकाने बघतात. त्या कौतुकाची मला लाज वाटते. माझ्यावर आईच्या अंगठ्याचा ठसा होता, तो डाग समजून कुणीतरी पुसला.

माझे रंग विटत चाललेत. एकच मागणं आहे. कुणाला 'निगेटिव्ह' सांगाल तेव्हा कशाचं, तेही सांगा. घरी कुणीतरी दारात उभं असतं.