कासवासाठी चालू ठेवलेलं खातं

माझा दादा परदेशात अडकला होता. त्याचं पाकीट चोरीला गेलं होतं, हॉटेलवाला सामान सोडत नव्हता, आणि ओळखीच्या सगळ्यांनी ताबडतोब पैसे पाठवले नाहीत तर त्याचं काही खरं नव्हतं. हे त्यानेच सगळ्यांना ईमेलने कळवलं होतं. मी तो मेल वाचला तेव्हा दादा माझ्यासमोर, त्याच्या दुकानात, ओठांत बारीक खिळे धरून एका सोफ्याच्या पाठीला कापड ठोकत बसला होता.

दादा सोफे दुरुस्त करतो. बसलेले स्प्रिंग, फाटलेलं रेक्झीन, मांजराने ओरबाडलेले हात, सगळं त्याच्याकडे येतं. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं म्हटलं तरी हा माणूस अर्धा तास चप्पल शोधतो, आणि म्हणे परदेशात! फोमवाल्याने बिचाऱ्याने खरंच पैसे पाठवले, वर ‘तब्येत सांभाळ’ असंही लिहिलं. वर्षभरात दुसऱ्यांदा त्याच्या खात्यात चोर शिरले होते, तेही पासवर्ड बदलल्यावर.

वहिनीने मला फोन केला. “वन्सं, तुम्हीच या बाई. ते खातं बंद करा म्हणून सांगून माझं तोंड दुखलं. ऐकतील तर शपथ.”

मी फोन कंपनीच्या तक्रार विभागात जन्म काढला. समोरचा काय लपवतोय ते मला त्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत कळतं, आणि नाही कळलं तर मला जेवण जात नाही. घरचे याला भोचकपणा म्हणतात. म्हणेनात का.

“दादा, खातं बंद करायचं,” मी म्हटलं.

“नाही करायचं.”

“का?”

“असू दे.”

“अरे, चोर बसलेत आत!”

“बसू देत. मी कुठे त्यांच्या मध्ये येतोय?”

हे ‘असू दे’ माझ्या डोक्यात घुसलं. काय असेल त्या खात्यात? कुणी बाई असेल म्हणावं, तर एका वहिनीला तोंड देताना याला नाकी नऊ येतात. लॉटरी? हा कधी सोडत बघायलाही थांबायचा नाही. मी स्टूल ओढलं आणि सरळ सांगितलं की कारण कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही. माझा हट्ट त्याला माहीत आहे. त्याने तोंडातले खिळे एकेक करून वाटीत काढून ठेवले.

“एक्सप्रेसचा मेल यायचाय,” तो म्हणाला.

एक्सप्रेस म्हणजे कासव. दादाच्या मुलीचं, बारकीचं. बारकी आता नावालाच बारकी राहिलीय, आमच्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच आहे आणि दुसऱ्या शहरात नोकरी करते. पण ती शाळेत होती तेव्हा हे कासव म्हणजे तिचा जीव की प्राण होता. दुकानामागच्या अंगणात ते असायचं. एके दिवशी दादाने एक भलामोठा सोफा मागच्या फाटकातून आत घेतला, आणि फाटक लावायचं राहिलं. कासव ते, पळून पळून किती पळणार, असं आम्ही सगळेच म्हणालो. संध्याकाळपर्यंत गल्ली पालथी घातली, नाही सापडलं.

बारकी हुंदके देत होती आणि दादा वैतागला होता, आणि त्या वैतागात तो बोलून गेला, “कासवच तर होतं!”

बस. त्या दिवसापासून पोरीचं त्याच्याशी बोलणं कामापुरतं झालं. भांडण नाही, आदळआपट नाही. फोनवर ‘हो’, ‘बरं’, ‘आईला दे’. दादा वरवर काही दाखवत नाही, पण बारकीचा फोन आला की तो वहिनीच्या शेजारी उगाच उभा राहतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय. मला गलबलून येतं आणि मग मी कुणावर तरी ओरडते.

“पण कासव मेल कसा करणार?” मी विचारलं.

दादाने सांगितलं. कासवाच्या पायाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवलेली होती. हरवलेला प्राणी जनावरांच्या कुठल्याही दवाखान्यात नेला, तर तिथले लोक यंत्र फिरवून चिपचा नंबर वाचतात, आणि नोंद ठेवणारी संस्था मालकाला कळवते. नोंदीत दोनच गोष्टी होत्या. एक दुकानाचा जुना फोन, जो कधीच बंद झाला, आणि दुसरा हा ईमेल.

“रोज सकाळी दुकान उघडलं की आधी मेल बघतो,” तो म्हणाला. “कासवं खूप जगतात गं. खातं बंद केलं आणि दुसऱ्याच दिवशी मेल आला तर? मी तिला काय सांगू?”

इतकी वर्षं! आणि आम्हाला एका शब्दाने पत्ता लागू दिला नाही.

“अरे मूर्खा,” मी म्हटलं, “खातं बंद करायचं म्हणजे फट्दिशी दिवा मालवायचा नसतो. घर सोडताना करतो तसं करायचं. आधी सामान हलवायचं, मग सगळ्यांना नवा पत्ता द्यायचा, आणि किल्ली अगदी शेवटी. त्या संस्थेलाही नवा पत्ता देऊ. झालं?”

“आणि चुकलं तर?”

“चुकलं तर मला काय वाटेल ते बोल. मला सवय आहे.”

त्याच दिवशी मी कामाला लागले. त्याच्यासाठी नवं खातं उघडलं, जुन्याचा पासवर्ड पुन्हा बदलला, आणि शिरताना फोनवर आलेला कोड मागेल अशी कडीही लावली. मग जुन्यातलं सगळं, पत्रं, फोटो, नाव-नंबर, मेल कंपनीकडून एका गठ्ठ्यात मागवलं. ‘तयार झाल्यावर कळवू’ म्हणाले, आणि दोन दिवसांनी कळवलंही. एक प्रत कॉम्प्युटरवर उतरवली, एक पेनड्राइव्हवर, आणि दोन्ही उघडून पाहिल्या. न उघडताच ‘झालं’ म्हणणाऱ्यांचे फोन मी आयुष्यभर घेतलेत.

उघडलं म्हणजे वाचणं आलंच. वर्षानुवर्षांचे सोफे! लोकांनी फोटो पाठवून भाव विचारलेले. एका सोफ्यावर एक आजोबा तसेच बसलेले, खाली लिहिलंय, ‘उठत नाहीत, असंच माप काढता येईल का?’ दादाने उत्तर दिलं होतं, ‘येईल, फक्त पाय वर घ्यायला सांगा.’ मी इतकी हसले की वहिनी धावत आली. मध्येच एक फोटो लागला, कापडाच्या गुंडाळ्यांमधून मान बाहेर काढलेलं कासव आणि त्याला काकडी दाखवणारी दोन वेण्यांची बारकी. वहिनीने खुर्ची ओढली आणि तो फोटो कितीतरी वेळ पुढे सरकवू दिला नाही.

बँक, वीज, विमा, फोमवाला, जिथे जिथे जुना पत्ता होता तिथे नवा दिला. ओळखीच्यांना कळवलं, ‘मी घरीच आहे, पैसे पाठवू नका, यापुढे इथे लिहा.’ चिप बसवली होती त्या दवाखान्याच्या एका जुन्या मेलमध्ये तिचा नंबर सापडला. आता फक्त संस्था उरली होती. दादा सोफा टाकून माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

संस्थेच्या साइटवर नंबर घातला. पत्ता बदलायचा तर जुन्या पत्त्यावर पाठवलेला कोड घाला, असं आलं. म्हणजे पहिल्या दिवशी माझ्या म्हणण्याप्रमाणे खातं बंद केलं असतं, तर हा दरवाजा कायमचा लागला असता. आम्ही मेल उघडला आणि वाट बघत बसलो. कोड येईना. पुन्हा मागवला, तरी नाही.

“स्पॅममध्ये बघू,” मी म्हटलं.

“ते काय असतं?”

मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. “कचऱ्याची पेटी. मशीनला जे फालतू वाटतं ते तिथे टाकतं आणि महिनाभराने पुसून टाकतं.”

“मला न विचारता?”

मी पेटी उघडली. केस उगवण्याच्या औषधांच्या आणि बक्षिसांच्या ढिगात संस्थेचे दोन मेल होते, दोन्ही आत्ताचे. कोड घातला. पान उघडलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मीच चुकीचं वाचतेय.

‘स्थिती: हरवलेले. चिप वाचली गेली.’ चार वर्षांपूर्वी एकदा. मग पुन्हा. मग यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा. तिन्ही वेळा एकच दवाखाना, कालव्यापलीकडचा. प्रत्येक वेळेपुढे लिहिलेलं, ‘मालकास ईमेलने कळवले. उत्तर नाही.’

कालवा म्हणजे दुकानापासून चालत पाऊण तास. कासवाला किती वेळ लागला देव जाणे.

“म्हणजे मेल आला होता,” दादा म्हणाला.

“तीनदा.”

तो समोरच्या अर्धवट सोफ्यावर बसला, उघड्या स्प्रिंगांवरच, आणि रडायला लागला. रडणारी माणसं मला फोनवर सांभाळता येतात, समोर बसलेली नाही. मी उगाच त्याच्या पाठीवर थापट्या मारत राहिले आणि त्या मशीनला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले आणि की-बोर्ड स्वतःकडे ओढला. नव्या पत्त्याच्या जागी एका बोटाने एकेक अक्षर टाइप करू लागला. मी बघितलं तर तो त्याचा पत्ता नव्हताच, बारकीचा होता.

“अरे, तिला विचार तरी!”

“तिचंच कासव आहे,” तो म्हणाला, आणि बटण दाबलं.

मग मी दवाखान्याचा फोन नंबर शोधू लागले, तेवढ्यात दादाचा मोबाइल वाजला. पडद्यावर बारकीचं नाव. थेट त्याला तिचा फोन कधी येत नाही. त्याने घाबरून मोबाइल माझ्या हातात दिला. मी तो परत त्याच्या हातात कोंबला आणि स्पीकर लावला. भोचक तर भोचक.

“बाबा, तुझ्या खात्यात अजून चोर आहेत वाटतं. एक्सप्रेसच्या नोंदीवर माझा पत्ता घातलाय कुणीतरी. मला मेल आलाय.”

“चोर नाहीत. मी घातला.”

“तू? कशाला?”

“तो सापडलाय, बारके. चार वर्षांपूर्वीच. मेल आले होते, मला दिसले नाहीत. मी रोज बघायचो, पण भलत्याच पेटीत बघत होतो.”

पलीकडून अगदी हळू, “रोज?”

“दुकान उघडलं की.”

“तू तर म्हणाला होतास, कासवच तर होतं.”

“म्हणालो होतो. चुकलो गं. तोंडाला येईल ते बोललो. तेव्हाच चुकलो होतो.”

“मला वाटलं, तू विसरलास.” ती रडत होती, की हसत होती, कळेना. “मी शनिवारी येते. तोपर्यंत ते खातं बंद करू नकोस.”

“घ्या!” मी ओरडले. “आधी एक होता, आता दोघं झाले!”

दवाखान्याला फोन करून पत्ता घेतला, आणि शनिवारी आम्ही चौघं कालव्यापलीकडे गेलो. कासव दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या परसात होतं. त्यांना ते रस्त्याच्या कडेला सापडलं होतं. मालक उत्तर देईना, म्हणून त्यांनीच सांभाळलं, आणि तपासायला नेलं की दर वेळी चिप वाचून पुन्हा कळवायला लावलं. “एक्सप्रेस म्हणता होय?” त्या म्हणाल्या. “अहो, ही मादी आहे. मी हिला माई म्हणते.”

बारकी जमिनीवर मांडी घालून बसली आणि काकडीचा तुकडा पुढे केला. माईने मान लांब केली आणि तो खाल्ला. तिने बारकीला ओळखलं असं दादा शपथेवर सांगतो. मला विचाराल तर तिने काकडी ओळखली. बारकी राहते चौथ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत, तेव्हा माई आहे तिथेच बरी, असं तीच म्हणाली. महिन्यातून एकदा भेटायला यायचं ठरलं. कुणी कुणाला न्यायचं यावर बापलेक परत येताना रस्ताभर वाद घालत होते, आणि वहिनी आणि मी मुद्दाम मागे राहून चालत होतो.

दुकानात आल्यावर मी कॉम्प्युटर लावला. खातं बंद करायचं पान तीनतीनदा विचारतं, नक्की ना, नक्की ना. महिनाभरात मन बदललं तर परत उघडता येईल, हेही सांगतं. दादा होय, होय करत गेला. शेवटी प्रश्न आला, ‘खाते बंद करण्याचे कारण?’ खाली पर्याय होते. फार मेल येतात. सुरक्षित वाटत नाही. दुसरी सेवा आवडली. आणि अगदी तळाशी, इतर.

दादाने ‘इतर’वर टिचकी मारली. चौकोन उघडला. बारकी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बघत होती. त्याने एका बोटाने, सावकाश लिहिलं, ‘काम झालं.’

“आता दाब,” बारकी म्हणाली, आणि त्याने दाबलं.