उंदरी आणि बोबडी

सुनेने निळ्या कापडाचा गठ्ठा शिलाई मशीनवर टाकला आणि म्हणाली, "आई, तुमच्याशिवाय आमचं नाटक उघडं पडेल बघा. पोरींचे फ्रॉक शिवायचेत. सगळे एकसारखे, ढगळ, बिनकॉलरचे. बघताक्षणी अनाथ वाटल्या पाहिजेत."

शिवणकाकूंनी कापडाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. कापड नवं होतं, गुळगुळीत होतं. रंग मात्र तोच होता.

सून सांगत सुटली. गावाच्या मधोमध जुनं दगडी बालगृह होतं, ते बंद पडून एक पिढी उलटली होती. महापालिकेने त्याला ऐतिहासिक वास्तू ठरवून दाराला कुलूप घातलं आणि आतला कारभार कबुतरांवर सोपवला. सुनेचं कलामंडळ, म्हणजे दोन-चार शिक्षक, एक नर्स, एक निवृत्त पोस्टमन आणि कॉलेजची पोरं, आजवर शाळेच्या व्हरांड्यात तालमी करायचं. त्यांनी खेटे घालून घालून महापालिकेच्या नाकी नऊ आणले आणि शेवटी ती इमारत लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर पदरात पाडून घेतली. डागडुजी मंडळाने करायची आणि इमारतीचा इतिहास लोकांना दाखवायचा, एवढीच अट. म्हणून पहिलं नाटक बालगृहातल्या मुलींचंच.

"तुम्ही कधी गेलायत का हो त्या बाजूला?" सुनेने विचारलं.

"माझं काय काम तिकडे?" काकू म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. दोरा काही केल्या ओवला जाईना.

लग्न होऊन आल्यापासून काकू त्या रस्त्याने गेल्या नव्हत्या. बाजारात जायचं तर त्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून जायच्या. नवरा होता तेव्हा थट्टा करायचा, की हिच्या हातातली पट्टी सरळ, पण पाय वाकडे. तो गेला, पण त्याला कधी कळलं नाही की आपली बायको त्या दगडी घरात वाढली. सासूला कळलं नाही, मुलाला कळलं नाही. वयात आल्यावर बालगृहाने काकूंना एका शिवणाच्या दुकानात कामाला लावून दिलं होतं. दुकानाची मालकीण मायाळू होती. तिने लग्न जुळवताना मुलीला आपली लांबची भाची म्हणून उभी केली आणि बजावलं, "आता तोंडाला टाका घाल. जन्मभर उसवायचा नाही."

काकूंनी टाका पक्का घातला. सासू घराण्याची चौकशी करणारी होती, म्हणून त्यांनी एक खेड्यातला मामा रचला. मामाला विहीर दिली, एक शिंग मोडलेली गाय दिली, पुढेपुढे खोकलाही दिला. लहानपणी मुलाने शाळेत 'माझा आवडता नातेवाईक' या निबंधात त्याच मामाआजोबांवर पानभर लिहिलं आणि बाईंकडून शाबासकी मिळवली. काकूंनी ते पान वाचलं आणि दुसऱ्याच आठवड्यात मामाला मारून टाकलं. मुलगा दोन दिवस रडला.

फ्रॉक शिवून झाले. कापायला काकूंना माप लागलं नाही. सून म्हणाली, हात बसलाय तुमचा. मग ती घरातच संवाद पाठ करू लागली. तिला बालगृहाच्या मोठ्या बाईंचं काम होतं. एकदा भाजी निवडता निवडता ती ओरडली, "कोण ओलं करतंय अंथरूण? चादर डोक्यावर घे आणि अंगणात उभी राहा! सुकेपर्यंत!" आणि स्वतःच हसायला लागली.

काकूंच्या हातातला चाकू थांबला. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"एक बाई येते ना आमच्याकडे. तिथेच वाढलेली. आता भाजीबाजारात झाडू मारते. भयंकर बोबडी आहे हो आई, पण सांगते काय झकास! ती अंथरूण ओलं करायची आणि चादर डोक्यावर घेऊन उभी राहायची, हे इतकं रंगवून सांगते की आमची हसून हसून मुरकुंडी वळते. दिग्दर्शक म्हणाले, हिलाच रंगमंचावर बसवायची. खरं माणूस ते खरं माणूस."

काकूंना बोबडी आठवली. एका खाटेवर दोघी निजायच्या. बालगृहात आईबापांनी ठेवलेली नावं कुणाला नव्हती, जी होती ती पोरींनी आणि बायांनी पाडलेली. ही बोबडी. काकू भित्र्या, बारीक, कोपऱ्यात बसणाऱ्या, म्हणून उंदरी. आणि अंथरूण ओलं करायची ती उंदरी. बोबडीने कधी केलं नव्हतं. मोठ्या बाईंची चप्पल जिन्यावर वाजली, की बोबडी धक्का देऊन उंदरीला कोरड्या बाजूला सरकवायची, स्वतः ओल्यात लोळायची आणि चादर उचलून निमूट अंगणात जायची. थंडीतसुद्धा. उंदरी खिडकीतून बघायची. चादरीखालून बोबडीचे फक्त पाय दिसायचे. उंदरी दुकानात कामाला निघाली तेव्हा, सुट्टीच्या दिवशी भेटायला येते, असं सांगून निघाली होती. ती गेली नाही. आधी मालकिणीच्या भीतीने, मग सासूच्या, मग कशाच्याच नाही, नुसती सवय म्हणून.

उद्घाटनाला न जाण्यासाठी काकूंनी गुडघा पुढे केला. मुलाने रिक्षा आणली. फुकट फ्रॉक शिवून दिले म्हणून सगळ्यांसमोर त्यांना फुलं देणार होते, सुनेचे आईवडीलही यायचे होते. आता काय करणार?

आत नव्या रंगाचा वास होता. जिथे खाटा असायच्या त्या लांब खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. दोन लोखंडी खाटा रंग देऊन रंगमंचावर ठेवल्या होत्या. पहिल्या रांगेत महापालिकेचे मालमत्ता अधिकारी आणि त्यांची पत्नी, मागच्या रांगेत काकू, मुलगा आणि विहीणबाई. दिग्दर्शक सारखा अधिकाऱ्यांकडे पाहत होता, त्यांना हसू येतंय की जांभई, ते बघत.

पडदा सरकला. खुर्चीवर एक बाई बसली होती. केस पांढरे, चापून बसवलेले. अंगावरचे कपडे धुऊन धुऊन विरलेले, पण त्या दिवशी इस्त्री केलेले. ती बोलायला लागली आणि पहिल्याच वाक्याला लोक हसले.

"माझं नाव बोबली," ती म्हणाली. "मला दुसलं नाव नाही. अंथलूण ओलं कलायची ती मीच."

लोक टाळ्या वाजवून हसले. तिलाही आवडलं. ती थांबायची, हसू ओसरू द्यायची, मग पुढचं सांगायची. आयुष्यात तिचं बोलणं एवढ्या माणसांनी कधी ऐकलं नसणार. काकू मांडीवरच्या पर्सचा पट्टा घट्ट धरून बसल्या. एवढ्या वर्षांनीही, कुणी विचारलं नसताना, बोबडी ती चादर स्वतःच्याच डोक्यावर घेत होती. मग निळा फ्रॉक घातलेली एक पोर डोक्यावर चादर घेऊन आली आणि सून तिच्यावर ओरडली.

विहीणबाई काकूंच्या कानाशी लागल्या. "माझ्या लेकीला नसत्या हौशी. नाटक आहे म्हणून ठीक, नाही तर असल्या पोरी... रक्त कुणाचं, कुणास ठाऊक. बघताक्षणी ओळखू येतात हो."

"हो ना," काकू म्हणाल्या.

नाटक संपल्यावर अंगणात चहा होता. काकूंना फुलं मिळाली, फोटो निघाला. आपण आता निघू या, असं त्या मुलाला सांगत होत्या, तेवढ्यात कपबशी हातात घेऊन बोबडी समोर आली. थांबली. मान कलती करून बघू लागली. हातातली कपबशी तिने तशीच खाली जमिनीवर ठेवली.

"उंदले," ती म्हणाली.

काकू एक पाऊल मागे सरकल्या.

"अगं उंदले, तूच ना गं?" बोबडीने काकूंचा हात धरला आणि उलटा केला. मनगटाच्या आत बालगृहातल्या इस्त्रीने भाजल्याचा जुना डाग होता. बोबडीने त्यावर अंगठा ठेवला. ती हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

"काय झालं?" विहीणबाईंनी मागून विचारलं. मुलगा वळला. अधिकाऱ्यांची पत्नीही बघू लागली.

त्या एका क्षणात काकूंना वाट होती. नंतर त्यांनी ती वाट मनात कितीदा तरी चालून पाहिली. पण तेव्हा त्यांना दिसली ती फक्त विहीणबाईंची वर गेलेली भुवई. त्यांनी हात हिसडून सोडवला, पर्स छातीशी धरली आणि म्हणाल्या, "कोण ही बाई? मी हिला ओळखत नाही. केव्हाची अंगाशी येतेय. माझी पर्स बघा रे कुणी."

एवढंच त्या बोलल्या. चोर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण उच्चारायची गरजही उरली नाही. मुलगा मध्ये आला. कुणी तरी पहारेकऱ्याला हाक मारली. दिग्दर्शक धावत आला, अधिकाऱ्यांसमोर शोभा झाली म्हणून त्याचा चेहरा पडला होता. त्याने बोबडीला दंडाला धरलं आणि हळू आवाजात विचारलं की हे काय चालवलंयस.

बोबडीने काकूंकडे पाहिलं. विहीणबाईंकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, काकूंच्या हातातल्या फुलांकडे पाहिलं. तिला सगळं कळलं असावं. तिने डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चुकलं माझं, बाई. चेहला सालखा वाटला. म्हातालं डोकं, काय कलायचं."

त्यावरही दोघं-तिघं हसले. पहारेकऱ्याने तिला फाटकापर्यंत नेलं.

रिक्षात मुलगा म्हणाला, "बरं झालं आई, वेळीच पर्स धरलीस." काकूंनी फुलं खाली पायाशी ठेवली होती. उतरताना ती तिथेच राहिली.

चार दिवसांनी सुनेने सांगितलं की मंडळाने त्या बाईला यायला मना केलंय. पहारेकऱ्यालाही तशी ताकीद आहे. वाईट वाटतं, ती म्हणाली, पण इमारत महापालिकेची, लोकांच्या तक्रारी आल्या तर भाडेपट्ट्यावर गदा यायची.

"मी तक्रार केली नव्हती," काकू म्हणाल्या.

"तुम्ही कुठे मनाला लावून घेताय? उलट सुटलोच. खरं सांगायचं तर ती नसली तरी आता चालतंय. तिची सगळी गोष्ट माझी पाठ झालीय." आणि कमरेवर हात ठेवून, मान कलती करून तिने करून दाखवलं, "माझं नाव बोबली. अंथलूण ओलं कलायची ती मीच."

हुबेहूब होतं. मुलगा आतल्या खोलीतून हसला. पुढच्या प्रयोगाला म्हणे त्याहून जास्त हसले, आणि वर्तमानपत्रात सुनेचा फोटो आला. काकूंनी त्या दिवशी मशीनवर बसून एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली, उसवली आणि पुन्हा उलटीच जोडली.

मग एका दुपारी त्या भाजीबाजारात गेल्या. काय बोलायचं ते घरून ठरवून निघाल्या होत्या, पण पोचेपर्यंत त्यातलं काही शिल्लक राहिलं नाही. गिऱ्हाइकं पांगली होती, भाजीवाल्यांनी टोपल्यांवर ओली पोती टाकली होती आणि काही जण तिथेच आडवे झाले होते. दोन ओळींच्या मधल्या फरशीवर बोबडी झाडत येत होती. लांब दांड्याचा झाडू, अंगावर नेहमीचे मळके कपडे. कोबीची पानं, सालं, चिखल, सगळं पुढे ढकलत ती काकूंच्या समोर येऊन पोचली.

"बोबडे," काकू म्हणाल्या.

झाडू थांबला. बोबडीने आधी काकूंकडे नाही, आजूबाजूला पाहिलं. एक भाजीवाला अर्धा उठून बसला होता.

"बोबडे, मी आले गं."

बोबडीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर काकूंना बरं वाटलं असतं. तिने झाडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, आणि अनोळखी, भल्या घरच्या बाईशी बोलावं तशी, खालच्या आवाजात म्हणाली, "इथे नका उभ्या लाहू, बाई. लोक बघतायत."

काकू हलल्या नाहीत. त्यांना हलता येईना. बोबडी थोडी थांबली. मग वाकली आणि झाडायला लागली. काकूंच्या चपलांना धक्का लागू न देता, कचरा अंगावर उडू न देता, तिने त्यांच्या भोवतीने झाडून घेतलं आणि पुढे गेली. थोड्या वेळाने काकू निघाल्या. त्या उभ्या होत्या तिथे, स्वच्छ फरशीवर, दोन पावलांएवढी जागा झाडायची राहिली होती. बोबडी परत मागे आली आणि तिने ती जागाही झाडून काढली.